आकाशातली धूळ आणि शेजारचा काटा

भाऊबीजेला हुबळीला अक्काकडे जायचं, हा आमच्या घरचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. 'अक्का' हा शब्द मराठी की कानडी, यावरून आमच्याकडे कधी वाद झाला नाही. दोन्ही घरं तो आपलाच समजतात. दाजी मूळचे गदगकडचे, त्यांचं हुबळीच्या बाजारात अडतीचं दुकान. मिरची आणि शेंगा हा मुख्य माल. घरात दाजी मुलांशी कानडीत बोलतात, अक्का मराठीत, आणि मुलं ज्या भाषेत शब्द आधी सापडेल त्या भाषेत उत्तर देतात. वाचकहो, तुमच्यापैकी निम्म्यांच्या घरी हेच चालत असेल, म्हणून जास्त वर्णन करत नाही.

तर यंदा ओवाळणी झाली, ताटातली करंजी अजून अर्धी होती, आणि भाचीनं विषय काढला. ती धारवाडला भौतिकशास्त्रात एम. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. म्हणाली, "मामा, तुम्हीच अप्पांना सांगा. मला पुढं पीएच. डी. करायची आहे. विश्वाच्या पार्श्वभूमीवर जे सूक्ष्मलहरींचं प्रारण आहे ना, त्याच्या ध्रुवीकरणावर."

दाजींनी चष्मा वर केला. ध्रुवीकरण हा शब्द कानडीतही तसाच आहे, त्यामुळं भाषेची अडचण नव्हती. "मतांचं ध्रुवीकरण ऐकलंय," ते म्हणाले. "हे कसलं?" आणि मग त्यांचा ठेवणीतला प्रश्न आला, "इदरिंद एन उपयोग?" म्हणजे, याचा उपयोग काय?

मी अर्थशास्त्राचा माणूस. एम. ए. करून कॉलेजात मागणी-पुरवठ्याचे आलेख काढत वीस वर्षं काढली. विश्वाबद्दल माझं ज्ञान वर्तमानपत्रापुरतं. पण भाचीनं मामाला मध्ये घातलं होतं, आणि भाऊबीजेच्या दिवशी मामाला नाही म्हणता येत नाही. त्या रात्री आणि नंतरचे काही आठवडे मी तिच्याकडून आणि मिळेल तिथून वाचत गेलो. त्यातून जे हाती लागलं ते आज तुमच्यापुढं ठेवतो. आकाशातल्या लहरींइतकंच त्यात माणसांविषयीही आहे. जो विषय सामान्य माणसाला पटवणं अवघड, तो शास्त्रज्ञांनी आधी एकमेकांना कसा पटवला, याची ही गोष्ट आहे.

आधी ते प्रारण म्हणजे काय ते थोडक्यात. जुना अँटेनावाला टीव्ही आठवा. दूरदर्शनचे कार्यक्रम संपले की पडद्यावर मुंग्या यायच्या आणि खरखर ऐकू यायची. त्या मुंग्यांतला अगदी थोडा अंश, एखादा टक्का म्हणा, विश्वाच्या बालपणातून आलेला असायचा. विश्वाचं वय सुमारे १३८० कोटी वर्षं. जन्मानंतर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांपर्यंत ते इतकं तापलेलं आणि दाट होतं की प्रकाशाला सरळ जाता येत नव्हतं, दाट धुक्यात व्हावं तसं. मग विश्व थंड होत गेलं, अणू तयार झाले, धुकं निवळलं आणि प्रकाश मोकळा झाला. तोच प्रकाश आज सगळ्या दिशांनी आपल्याकडे येतो आहे. फक्त इतक्या काळात विश्व प्रसरण पावल्यामुळं त्याच्या लहरी ताणल्या गेल्या आणि तो सूक्ष्मलहरी झाला. त्याचं तापमान २.७२५ केल्विन, म्हणजे शून्याखाली सुमारे २७० अंश सेल्सिअस.

हे प्रारण सापडलं ते १९६४-६५ च्या सुमारास अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात. पेन्झिआस आणि विल्सन या बेल प्रयोगशाळेतल्या दोघांना आपल्या शिंगाच्या आकाराच्या अँटेनात एक खरखर ऐकू येत होती, ती काही केल्या जाईना. अँटेनात कबुतरांनी घरटं केलं होतं. त्यांनी कबुतरं हुसकली, विष्ठा पुसून काढली, तरी खरखर तशीच. तेव्हा जवळच प्रिन्स्टनला रॉबर्ट डिकी यांचा गट नेमकी हीच गोष्ट शोधायच्या तयारीत होता. दोन्हीकडची माहिती जुळली आणि कोडं सुटलं. १९७८ मध्ये पेन्झिआस-विल्सन यांना नोबेल मिळालं. पुढं १९८९ मध्ये सोडलेल्या कोबी उपग्रहानं १९९२ मध्ये दाखवून दिलं की हे प्रारण सगळीकडे अगदी एकसारखं नाही, त्यात लाखात एक भागाइतके बारीक चढउतार आहेत. त्याच चढउतारांतून पुढं दीर्घिका, तारे आणि आपण.

आता ध्रुवीकरण. हे मला भाचीनं अंगणात समजावलं. तिनं तिच्या भावाचा स्कूटरवर घालायचा पोलरॉइड गॉगल आणला आणि माझा मोबाईल त्या काचेतून बघायला लावला. मोबाईल आडवा-उभा फिरवला तर एका स्थितीत पडदा काळा होतो. "प्रकाश ही लहर आहे, मामा. ती कुठल्या रेषेत हलते ते ध्रुवीकरण. हा गॉगल एकाच रेषेतली लहर आत सोडतो." पाण्यावरून किंवा डांबरी रस्त्यावरून परतलेला प्रकाश थोडा ध्रुवित असतो, म्हणून असा गॉगल लावला की डोळ्यांवर येणारी चकाकी मरते. बेळगावात किल्ला तलावाच्या काठावर संध्याकाळी करून पाहावं, पाणी एकदम आतपर्यंत दिसतं.

यात आपल्या कर्नाटकाशी एक जुना धागा आहे. सर सी. व्ही. रामन १९२१ मध्ये विलायतेहून बोटीनं परतत होते. समुद्र निळा का दिसतो, केवळ आकाशाच्या प्रतिबिंबामुळं की पाण्याच्या स्वतःच्या गुणामुळं, हे त्यांना तपासायचं होतं. त्यांच्याजवळ निकोल प्रिझम होता, म्हणजे ध्रुवित प्रकाश गाळणारा स्फटिक. त्यातून त्यांनी पृष्ठभागावरची चकाकी घालवली, तरी निळाई उरलीच. पुढचा सगळा इतिहास आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. त्याच रामन यांनी १९४८ मध्ये बंगळुरात स्वतःची संशोधन संस्था उभी केली, तिचं नाव या गोष्टीत पुन्हा येणार आहे.

विश्वाच्या त्या पहिल्या प्रकाशातही ध्रुवीकरण असणार, असं मार्टिन रीस यांनी १९६८ मध्ये मांडलं. धुकं निवळत असताना प्रकाश इलेक्ट्रॉनांवर आपटून विखुरला, तेव्हा तो किंचित ध्रुवित झाला असणार. पण ते मोजायचं कसं? मुळातले चढउतारच लाखात एक, ध्रुवीकरण त्याच्याही कितीतरी खाली. सापडायला चौतीस वर्षं लागली. २००२ च्या सप्टेंबरात दक्षिण ध्रुवावरच्या 'डासी' या उपकरणानं ते पहिल्यांदा मोजलं. दक्षिण ध्रुव कशासाठी? ती जागा सुमारे २८०० मीटर उंच, हवा कमालीची कोरडी आणि सहा महिने रात्र. हवेतली वाफ या लहरी गिळते, त्यामुळं या शास्त्राला कोरडी आणि उंच जागा लागते. म्हणून दक्षिण ध्रुव नाही तर चिलीचं अटाकामा वाळवंट.

या ध्रुवीकरणात दोन तऱ्हेच्या नक्ष्या असतात. त्यासाठी भाचीनं दारातल्या रांगोळीचाच आधार घेतला. एका तऱ्हेत रेषा बिंदूभोवती गोल किंवा बिंदूतून किरणांसारख्या निघालेल्या. या रांगोळीशेजारी आरसा धरला तर प्रतिमा तशीच दिसते. दुसऱ्या तऱ्हेत रेषा भोवऱ्यासारख्या एका बाजूला कललेल्या. आरशात बघाल तर उजवा भोवरा डावा होतो. शास्त्रज्ञ पहिलीला 'ई' नक्षी म्हणतात, दुसरीला 'बी'. १९९७ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवून दिलं की घनतेच्या साध्या चढउतारांतून पहिली नक्षी निघते, दुसरी मुळातून निघत नाही. दुसरी मुळातून यायची तर विश्वाच्या जन्माच्या अगदी पहिल्या क्षणी गुरुत्वलहरी उठल्या असल्या पाहिजेत. विश्व त्या क्षणी एकाएकी प्रचंड फुगलं, असं ॲलन गुथ आणि इतरांनी १९८० च्या आसपास मांडलं होतं. म्हणजे भोवऱ्याची नक्षी सापडली, तर त्या फुगण्याचा हा सर्वांत जवळचा पुरावा. पण तो ठसा एका अंशाच्या कोटीव्या भागाइतका किंवा त्याहूनही कमी. आणि मुख्य म्हणजे तो असेलच, याची खात्री कुणी देत नाही.

इथं दाजींनी मला अडवलं. "म्हणजे माल आहे की नाही ते ठाऊक नाही, आणि गिऱ्हाईकाकडून पैसे आधी मागायचे?"

प्रश्न रास्त होता. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकालाही त्याचं उत्तर एका वाक्यात देता येईना. म्हणून मी शोधलं की या लोकांनी हे पैसे मागितले तरी कसे.

आधी त्यांना पैसे देणाऱ्या सरकारला पटवायचं नव्हतं, आपल्याच भाऊबंदांना पटवायचं होतं. दुर्बिणींवाले, कणांचे भौतिकशास्त्रज्ञ, ग्रह शोधणारे, कृष्णविवरवाले, सगळ्यांना त्याच तिजोरीतून पैसे हवे असतात. अमेरिकेत दर दहा वर्षांनी खगोलशास्त्रज्ञांची समिती बसते आणि पुढच्या दशकात काय आधी, काय नंतर याची यादी करते. त्या यादीत नाव लागायचं तर इतर शाखांच्या लोकांनी मान डोलवावी लागते. २००५ मध्ये रेनर वाइस यांच्या अध्यक्षतेखाली एका गटानं या ध्रुवीकरणाच्या संशोधनाचा आराखडा दिला. आधी संवेदक सुधारा, जमिनीवरून आणि बलूनमधून मोजा, आकाशातल्या धुळीचा अभ्यास करा, आणि मग उपग्रह. पायरीपायरीनं. मला त्यातलं एवढंच विशेष वाटलं, की शेवटची पायरी चढता आली नाही तरी आधीच्या प्रत्येक पायरीवर काही ना काही हाती लागणार, अशी ती आखणी होती. न्यूट्रिनो या जवळजवळ वजन नसलेल्या कणांचं वजन, पहिले तारे कधी पेटले त्याचा काळ, दीर्घिकांच्या समूहांची गणती, हे सगळं त्याच मोजणीतून मिळतं. दाजींच्या भाषेत सांगायचं तर शेंगा नाही विकल्या गेल्या तरी तेल निघेल, पेंड निघेल.

दुसरी गोष्ट म्हणजे हे लोक आपली मोजमापं जगाला खुली करतात. डब्ल्यूमॅप आणि प्लांक या उपग्रहांनी काढलेले आकाशाचे नकाशे कुणालाही घेता येतात. धारवाडच्या वसतिगृहात बसून माझी भाची ते संगणकावर उघडते. पैसा युरोप-अमेरिकेचा, उपग्रह त्यांचा, आणि अभ्यास करणारी हुबळीच्या अडत्याची मुलगी. शास्त्राचा प्रसार शास्त्रज्ञांमध्ये करण्याचा याहून चांगला मार्ग मला सुचत नाही. भाषणांनी जेवढी माणसं ओढली जात नाहीत, तेवढी एका खुल्या नकाशानं ओढली जातात.

आता या गोष्टीतला ठेच लागण्याचा भाग. १७ मार्च २०१४ या दिवशी हार्वर्डच्या केंद्रात पत्रकार परिषद झाली. दक्षिण ध्रुवावरच्या 'बायसेप-२' या दुर्बिणीला भोवऱ्यांची नक्षी सापडली, असं जाहीर झालं. जगभरातल्या वर्तमानपत्रांनी ते पहिल्या पानावर छापलं. फुगण्याच्या सिद्धान्ताचे एक जनक आंद्रेई लिंडे यांच्या घरी एक सहकारी शॅम्पेन घेऊन गेला आणि दारातच त्यांना बातमी सांगितली, ती चित्रफीत लाखो लोकांनी पाहिली. नोबेलची चर्चा सुरू झाली. शोधनिबंध मात्र अजून इतर तज्ज्ञांनी तपासून मान्य केलेला नव्हता.

काही आठवड्यांतच शंका निघू लागल्या. आपल्या आकाशगंगेत धूळ आहे. चुलीच्या काजळीहूनही बारीक अशी ही धूळ चुंबकीय क्षेत्रात एका रेषेत उभी राहते, आणि तिच्यातून येणाऱ्या लहरीही ध्रुवित असतात. तीही भोवऱ्यांची नक्षी काढू शकते. बायसेप-२ नं एकाच लहरीवर, म्हणजे १५० गिगाहर्ट्झवर मोजलं होतं. धूळ वेगळी काढायची तर निरनिराळ्या लहरींवर मोजावं लागतं. तसं मोजणारा प्लांक उपग्रह युरोपचा होता, म्हणजे एका अर्थानं स्पर्धक. २०१४ च्या सप्टेंबरात प्लांकनं दाखवून दिलं की त्या तुकड्यात धूळ समजुतीपेक्षा बरीच जास्त आहे. मग दोन्ही गट एकत्र बसले, आपापली मोजणी एकमेकांपुढं ठेवली, आणि २०१५ च्या सुरुवातीला संयुक्त निकाल दिला. जे दिसलं त्यातला मोठा भाग धुळीचा होता. जन्मलहरींचा पुरावा उरला नाही.

हे मी दाजींना सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. मला वाटलं होतं, म्हणतील, बघा, हेच मी म्हणत होतो. त्याऐवजी म्हणाले, "मोठा सौदा असला की मी शेजारच्या काट्यावर पुन्हा वजन करून घेतो. माझा काटा खोटा आहे म्हणून नाही. माझं मन त्या दिवशी आनंदात असतं म्हणून."

त्यांच्या या एका वाक्यानं मला जे कळलं, ते चार पुस्तकांनी कळलं नव्हतं. बायसेपच्या लोकांचा काटा खोटा नव्हता. त्यांनी मोजलेला ठसा खराच होता, फक्त तो कशाचा, हे घाईनं ठरलं. दहा वर्षं बर्फात काढलेल्या माणसांचं मन आनंदात होतं. त्याच काळात दुसरीकडे काय घडलं तेही पाहा. १४ सप्टेंबर २०१५ रोजी लायगो प्रयोगशाळेला दोन कृष्णविवरांच्या टकरीतल्या गुरुत्वलहरी सापडल्या. त्यांनी पाच महिने तोंड मिटून ठेवलं. आत शेकडो लोकांनी तपासलं, निबंध बाहेरच्या तज्ज्ञांकडून मान्य झाला, आणि मगच ११ फेब्रुवारी २०१६ ला जाहीर केलं. या प्रकल्पात तर त्याआधी अशी पद्धत होती की काही जणांनी गुपचूप खोटा ठसा मोजणीत मिसळायचा आणि बाकीचे तो कसा हाताळतात ते पाहायचं. २०१० मध्ये असा एक ठसा सगळ्यांना खरा वाटला, निबंध लिहून तयार झाला, आणि मग सांगितलं की ती परीक्षा होती. त्या लायगोचे एक प्रमुख म्हणजे वर उल्लेख आलेले रेनर वाइस. त्यांना २०१७ मध्ये नोबेल मिळालं, २०२५ च्या ऑगस्टमध्ये ते गेले. लायगोचाच भारतातला भाग आपल्या महाराष्ट्रात हिंगोली जिल्ह्यात उभा राहायचा आहे, २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं त्याला २६०० कोटी रुपये मंजूर केले.

मला विचाराल तर या विषयाचा सर्वांत चांगला प्रचार मार्च २०१४ च्या पत्रकार परिषदेनं केला नाही. पुढच्या वर्षीच्या त्या संयुक्त निकालानं केला. आपली चूक आपल्याच सहीनं छापणारे लोक पाहिले की बाहेरच्या माणसाचाही विश्वास बसतो. बायसेपच्या गटानं दुकान बंद केलं नाही. आणखी लहरींवर मोजणारी नवी उपकरणं बसवली, आणि २०२१ मध्ये सांगितलं की जन्मलहरींचं प्रमाण ०.०३६ हून कमीच असलं पाहिजे. २०१४ मध्ये त्यांनीच ते ०.२ सांगितलं होतं. सापडलं नाही, पण कुठं नाही ते नक्की झालं. फुगण्याचे काही सोपे सिद्धान्त त्यामुळं बादही झाले.

पुण्याचा उल्लेख केल्याशिवाय हा लेख संपवता येणार नाही. आपल्या कोल्हापूरचे डॉ. जयंत नारळीकर यांना महास्फोटाचा सिद्धान्त शेवटपर्यंत पटला नव्हता. हे प्रारण म्हणजे ताऱ्यांचाच प्रकाश, अवकाशातल्या लोखंडाच्या बारीक सुयांनी त्याचं रूप बदललेलं, अशी दुसरी वाट त्यांनी मांडली होती. बहुतेक शास्त्रज्ञांनी ती स्वीकारली नाही. पण १९८८ मध्ये त्यांनीच घडवलेल्या आयुका या संस्थेत महास्फोटाच्या बाजूनं काम करणारे कितीतरी जण निर्धास्तपणे वाढले. १९९२ मध्ये, कोबीचे चढउतार जाहीर झाले त्याच वर्षी, तिथल्या तरुण संशोधक तरुण सौरदीप यांनी आपले मार्गदर्शक वरुण साहनी यांच्यासह निबंध लिहिला, की या चढउतारांत गुरुत्वलहरींचा वाटा किती असेल. संस्थापकाचं मत एक, विद्यार्थ्याचं काम दुसरं, आणि छप्पर एकच. नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले तेव्हा त्यांच्या विज्ञानकथांविषयी खूप लिहून आलं, ते योग्यच. पण विरोधी मताला जागा देणारी संस्था उभी करणं हेही लहान काम नव्हे. आपल्या सीमाभागात तर हे जरा जास्तच समजायला हवं.

सौरदीप यांच्या पुढाकारानं भारतातल्या शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये 'सीएमबी-भारत' नावाच्या उपग्रहाचा प्रस्ताव इस्रोपुढं ठेवला, तोही नेमका या ध्रुवीकरणासाठी. २०२१ मध्ये ते बंगळुरात रामन संस्थेचे संचालक झाले. निकोल प्रिझम घेऊन समुद्राकडे पाहणाऱ्या माणसाच्या घरी ध्रुवीकरणाचा विषय फिरून आला, असं म्हणायला हरकत नाही. प्रस्ताव आणि प्रत्यक्ष उपग्रह यांत मात्र खूप अंतर असतं.

ते अंतर किती कठीण, तेही भाचीपासून लपवण्यात अर्थ नव्हता. तिनंच ते मला सांगितलं. अमेरिकेत 'सीएमबी-एस-४' नावाचा प्रचंड प्रकल्प आखला होता. दक्षिण ध्रुव आणि अटाकामा अशा दोन्ही ठिकाणी दुर्बिणी आणि सुमारे पाच लाख संवेदक. पूर्वी एकमेकांशी स्पर्धा करणारे गट त्यासाठी एकत्र आले. २०१४, २०२१ आणि २०२३ अशा तीन वेळा तिथल्या मोठ्या समित्यांनी त्याची शिफारस केली. म्हणजे शास्त्रज्ञांनी शास्त्रज्ञांना पूर्ण पटवलं होतं. २०२४ मध्ये सांगण्यात आलं की ध्रुवावरचं तळच जुनं झालं आहे, आधी त्याची डागडुजी. आणि २०२५ च्या मे महिन्यात दोन्ही सरकारी खात्यांनी प्रकल्पाचा आधारच काढून घेतला. दहा वर्षांहून अधिक काळची मेहनत, आणि एका पत्रात निकाल.

मग सगळं संपलं का? तसंही नाही. अटाकामात ५२०० मीटर उंचीवर सायमन्स वेधशाळा काम करते आहे. गणितज्ञ आणि शेअर बाजारात अफाट पैसा मिळवलेले जिम सायमन्स यांच्या प्रतिष्ठानानं २०१६ मध्ये तिच्यासाठी मोठी देणगी दिली होती. सायमन्स स्वतः २०२४ मध्ये गेले. चीननं तिबेटात न्गारी भागात दुर्बीण उभारली आहे. जपाननं २०१९ मध्ये 'लाइटबर्ड' उपग्रहाची निवड केली. वाट अडली की पाणी दुसरीकडून जातं. पण त्या पाच लाख संवेदकांवर ज्या तरुणांनी आपली पीएच. डी. आखली होती, त्यांचं काय झालं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

आणि तो न जाण्याला एक खाजगी कारण आहे. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी आमच्या कॉलेजातला एक मुलगा माझ्याकडे आला होता. विज्ञान शाखेचा, पण एन. एस. एस.च्या शिबिरामुळं ओळखीचा. त्याला भौतिकशास्त्रात पुढं जायचं होतं, घरची परिस्थिती बेताची. मी त्याला शांतपणे सगळा हिशेब मांडून दाखवला आणि म्हणालो, बी. एड. कर. त्यानं ऐकलं. आज तो खानापूर तालुक्यात हायस्कूलला शिक्षक आहे, चांगला शिकवतो, संसार नीट आहे. माझा सल्ला चुकला असं कुणी म्हणणार नाही. पण २०१४ च्या मार्चमध्ये ती बातमी आली त्या दिवशी त्याचा फोन आला होता. "सर, वाचलंत का?" एवढंच. मी वाचलं नव्हतं. त्याला फक्त कुणाशी तरी बोलायचं होतं, आणि मी म्हणालो, वाचतो आणि कळवतो. कळवलं नाही. पुढं ती धूळ निघाली हेसुद्धा मला यंदा कळलं. त्याला ते तेव्हाच कळलं असणार.

म्हणून भाचीसाठी मी हिशेब मांडला नाही. दाजींना एवढंच म्हणालो, "दाजी, ही जे शोधणार ते कदाचित सापडणार नाही. नोकरी कुठं मिळेल ते मला माहीत नाही. पण ज्या धंद्यात माणसं स्वतःच्या आनंदावर विश्वास न ठेवता शेजारच्या काट्यावर वजन करायला शिकतात, तो धंदा वाईट नाही."

दाजी बराच वेळ गप्प होते. मग भाचीकडे वळून कानडीत विचारलं, "परीक्षा कधी आहे?" तिनं तारीख सांगितली. "फीचं मला सांग. आणि हे बघ, दोन वर्षांनी तुला वाटलं की हे आपलं काम नाही, तर लाजायचं नाही, सरळ घरी यायचं." अक्कानं आतून मराठीत ओरडून सांगितलं की आधी जेवून घ्या, विश्व कुठं पळून जात नाही.

बेळगावला परत आल्यावर मी खानापूरच्या त्या शिक्षकाला फोन केला. बारा वर्षं होत आली त्या गोष्टीला. म्हणालो, "ती २०१४ ची बातमी वाचली." तो मोठ्यानं हसला. "सर, उशीर झाला, ती धूळ होती." मग त्यानं मला पाऊण तास समजावून सांगितलं, आणि हा लेख छापायला देण्याआधी तपासूनही दिला. दोन ठिकाणी माझी चूक होती. ती दुरुस्त केली आहे.